सरासरीत घाट हरवतो

कर्जतला पुण्याकडची गाडी थांबली की फलाटावर वड्यांची धांदल उडते, आणि तेवढ्यात गाडीच्या शेपटाला हळूच एक धक्का बसतो. मागून बँकर जोडलेले असतात, म्हणजे घाटात गाडी ढकलणारी जादा एंजिनं. ट्रेन सिम्युलेटरसाठी बोरघाट बांधायला बसलेल्या माणसानं या धक्क्यापासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. नागफणीचा सुळका, बोगद्यांची तोंडं, पावसातले धबधबे हे सगळं मागाहून हौसेनं करता येतं. पण तयार झालेल्या रूटवर एकट्या एंजिनानं भरली गाडी कर्जतहून लोणावळ्याला सहज नेऊन दाखवली, तर तो रूट दिसायला कितीही देखणा असला तरी त्याला बोरघाट म्हणता येणार नाही.

हा धक्का का लागतो, त्याचा हिशेब शाळेतल्या गणिताइतकाच आहे. बोरघाटातला सर्वांत तीव्र चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. टक्क्यांत सांगायचं तर २.७. डोळ्याला हा चढ जवळजवळ दिसतच नाही, कारण तो जेमतेम दीड अंशाचा आहे. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर असताना हा दीड अंश फार मोठा असतो. १,००० टनांची गाडी आणि पुढे १२३ टनांचं डब्ल्यूएपी-७ एंजिन धरू. एकूण १,१२३ टनांचा सदतिसावा भाग म्हणजे ३० टनांहून थोडं जास्त बळ, तेही गाडी नुसती मागे घसरू नये म्हणून. त्यात चाकांच्या फिरण्याचा विरोध टनामागे ३ किलो धरला तर आणखी साडेतीन टन. एकूण ३४ टनांच्या आसपास. आणि या एंजिनाची सुरुवातीची ओढ सुमारे ३३ टन आहे. सपाटीवर याच गाडीला साडेतीन टनांत भागतं. घाटात त्याच्या दसपट लागतं, म्हणून मागून ढकलावं लागतं.

आता या हिशेबात ३७ च्या जागी ५० घालून पाहा. बळ एकदम २६ टनांवर येतं आणि एकटं एंजिन गाडी घेऊन निघतं. पडद्यावर १:३७ आणि १:५० यांतला फरक कुणालाही दिसणार नाही. तो फक्त एंजिनाला कळतो.

रूट बांधणारे बहुतेक जण इथेच फसतात, आणि मीही पहिल्या खेपेला फसलो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेनं १८६३ मध्ये हा घाट उघडला, तेव्हाची मापं प्रसिद्ध आहेत: चढाची लांबी १५ मैल ६८ चेन, उंचीतला फरक १,८३१ फूट. भागाकार केला की सरासरी सुमारे १:४६ येते. मी खालच्या टोकाची उंची घेतली, वरच्या टोकाची घेतली आणि मधे एकसारखा चढ टाकून मोकळा झालो. गाडी बँकरशिवाय डुलत डुलत वर गेली. खऱ्या घाटात काही भाग सरासरीपेक्षा सौम्य आहेत, काही ठिकाणी रूळ जवळजवळ सपाट होतात, आणि त्याची भरपाई १:३७ च्या तुकड्यांत होते. गाडीचा कस त्या तुकड्यांत लागतो. सरासरी काढली की नेमके तेच तुकडे पुसले जातात. पुढे उंचीच्या नकाशात, कड्यांच्या उतारात आणि अगदी झाडांच्या रंगातही हीच चूक वेगवेगळ्या रूपांत भेटत राहते.

साधनांबद्दल थोडक्यात. मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर २००१ मध्ये आला. त्याच्याच पद्धतीच्या फाइली वाचणारं ओपन रेल्स हे आज मोफत मिळतं आणि हौशी मंडळींनी ते सतत सुधारत ठेवलं आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरच्याच सुमारास आलेलं ट्रेन्झही आहे. मी ओपन रेल्स धरून सांगतो, पण क्रम सगळीकडे सारखाच: जमीन, तिच्यावर रूळ, मग वस्तू, मग सिग्नल. या पद्धतीत जमीन २,०४८ मीटर बाजूच्या चौकोनी फरश्यांनी बनते आणि प्रत्येक फरशीवर दर ८ मीटरला उंचीचा एक बिंदू असतो. हा ८ आकडा लक्षात ठेवा, तो पुढे त्रास देणार आहे.

एकही रूळ टाकण्याआधी साल ठरवायचं. १८६३ ते १९२९ या काळातला घाट हवा असेल तर खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन बांधावं लागेल. डोंगराची सोंड इतकी अरुंद होती की गाडीला वळण घेऊन वर जायला जागाच नव्हती. गाडी एका बंद टोकात शिरायची, एंजिन सुटून दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलट दिशेनं पुढचा चढ चढायची. १९२९ मध्ये नव्या मार्गानं हे स्टेशन टाळलं गेलं आणि त्याच सुमारास १,५०० व्होल्ट डीसीच्या तारा आल्या. त्या काळाचं एंजिन म्हणजे लांब नाकांचं डब्ल्यूसीजी-१, ज्याला रेल्वेची माणसं खेकडा म्हणत. मग १९७० च्या दशकापासूनचे डब्ल्यूसीजी-२ बँकर, आणि या शतकात डीसी जाऊन २५ हजार व्होल्ट एसी. खांब वेगळे, तारा वेगळ्या, एंजिनं वेगळी. खेकडा एसीच्या तारेखाली चालवला तर जाणकाराला ते लगेच खटकेल. मी १९८० च्या दशकातला घाट निवडला, कारण लहानपणी खिडकीतून पाहिलेला घाट तोच. वर डब्ल्यूएपी-७ चं गणित दिलं ते आजच्या वाचकाला ओळखीचं एंजिन म्हणून. साल कोणतंही घ्या, गणिताची रीत बदलत नाही.

आता उंची. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानानं अकरा दिवस रडार लावून पृथ्वीचा मोठा भाग मोजला. ती माहिती आज दर ३० मीटरला एक उंची अशा रूपात मोफत मिळते. आपल्या इस्रोचा कार्टोसॅटवरून केलेला उंचीचा नकाशाही भुवन संकेतस्थळावर आहे. दोन्ही उतरवून घ्या, पण त्यांच्यावर रूळ टाकू नका. ३० मीटरच्या चौकोनात १० मीटर रुंदीचं कटिंग दिसत नाही. दाट रानात रडार जमिनीऐवजी झाडांचे शेंडे मोजतं. उभ्या कड्याच्या आड त्याची लहर पोचत नाही आणि तिथली पोकळी नंतर अंदाजानं भरलेली असते. या जमिनीवर सरळ रूळ अंथरले तर शंभर मीटरमध्ये दोनदा वरखाली होणारी रेषा मिळते. अशा रुळावर गाडी चालली तर डबे सुटतील.

म्हणून रुळांची उंची वेगळ्या कागदावर काढायची. भरवशाचे बिंदू आधी शोधा. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती सर्वांत खात्रीची. कर्जत आणि लोणावळ्याची यार्डं उघडी, सपाट आणि मोठी आहेत, तिथे उपग्रहाची उंचीही ठीक बसते. मधे पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, खंडाळा हे टप्पे आहेत. पुढचं काम खिडकीतून केलेल्या चित्रणावर होतं. रुळाकडेला चढ बदलतो तिथे छोटा फलक असतो, त्यावर नवा आकडा असतो. विजेच्या प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि त्या किलोमीटरमधला अनुक्रम रंगवलेला असतो. चित्रण थांबवत थांबवत खांब आणि फलक जोडत गेलं की कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत कोणता चढ, याची वही तयार होते. या वहीला मला तीन आठवडे लागले. अख्ख्या रूटमधलं सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचंही हेच.

वहीतले सगळे चढ बेरजेला घेतले की शेवटी लोणावळ्याची उंची यायला हवी. दोन-तीन मीटरचा फरक राहिला तर तो सौम्य तुकड्यांत वाटून टाका. तीव्र तुकड्यांना हात लावू नका. एका चढावरून दुसऱ्यावर जाताना मधे लहान लहान तुकडे घालून बदल हळूहळू करा, नाहीतर सपाटीवरून एकदम २.७ टक्क्यांवर जाताना एंजिन नाक वर करून उडी घेतल्यासारखं दिसतं. आणि एक साधी गोष्ट नवख्याला हमखास फसवते: मुंबईहून निघणारी गाडी रेल्वेच्या भाषेत डाउन असते, मुंबईकडे येणारी अप. त्यामुळे इथे डाउन गाडी घाट चढते आणि अप गाडी उतरते. वेळापत्रक भरताना हे डोक्यात पक्कं हवं.

वळणं मोजायला उपग्रहाचं छायाचित्र पुरतं. वळणावर रुळाच्या दोन बिंदूंमध्ये १०० मीटरची सरळ रेषा काढा आणि तिच्या मध्यापासून रुळापर्यंतचं अंतर मोजा. रेषेच्या लांबीचा वर्ग भागिले त्या अंतराची आठपट, ही झाली त्रिज्या. अंतर साडेतीन मीटरच्या थोडं वर आलं तर त्रिज्या सुमारे ३५० मीटर, रेल्वेच्या भाषेत ५ डिग्रीचं वळण. आपल्या ब्रॉडगेजवर १० डिग्री, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या, हे टोक मानलं जातं. तुमच्या मापात त्याहून घट्ट वळण आलं तर पुन्हा मोजा. वळण हे गाडीला चढासारखंच जड जातं. रेल्वे दर डिग्रीला ०.०४ टक्के चढ धरते, म्हणजे ५ डिग्रीच्या वळणाचे ०.२ टक्के. आपल्या वरच्या गाडीला हे आणखी दोन टन. ओपन रेल्स हा विरोध स्वतः हिशेबात घेतं, पण त्रिज्या खरी दिली असेल तरच. अनेक जण हाताशी असलेला ५०० मीटरचा तयार तुकडा डोळ्याला बरा दिसतो म्हणून टाकतात. इथेही पुन्हा सरासरीच होते.

रूळ जागेवर बसले की डोंगर त्यांच्याकडे आणायचा. इथे आपण बर्कलेंच्या उलट चालतो. जीआयपीचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांना डोंगर दिलेला होता, त्यातून रेषा शोधायची होती. आपल्याला रेषा खात्रीची मिळाली आहे, डोंगर मात्र अंदाजाचा. काम १८५६ मध्ये सुरू झालं, १८६१ च्या सुमारास घाटात चाळीस हजारांवर मजूर राबत होते, आणि घाट उघडण्याच्या आधीच, १८६२ मध्ये, बर्कले वारले. मधल्या काळात ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन काही आठवड्यांतच मरण पावले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेका पुढे चालवला. रुळाकडेचं एकेक कटिंग कोरताना मला ही माणसं आठवतात. आपण माउसनं दहा मिनिटांत जे खणतो, त्याला इथे सुरुंग, पहार आणि पटकीच्या साथीत गेलेले जीव लागले होते.

रूट बांधायच्या एडिटरमध्ये एक आज्ञा असते, ती रुळाखालची जमीन रुळाच्या उंचीला आणते आणि बाजूला उतार देते. मातीच्या भरावासाठी ती छान आहे. सह्याद्रीच्या कटिंगला ती कामाची नाही, आणि इथे तो ८ आकडा परत येतो. जमिनीचे बिंदू ८ मीटरवर असल्यामुळे १० मीटर उंचीची भिंत कितीही उभी करायला गेलं तरी ती ५० अंशांच्या आसपासचा उतार होते. त्यावर वरून अंथरलेलं दगडाचं चित्र ताणलं जातं आणि पिठाच्या ढिगासारखं दिसतं. खऱ्या कटिंगमध्ये बेसॉल्ट सरळ उभा कापलेला असतो, हात बाहेर काढला तर लागेल इतका जवळ. उपाय एकच: जमीन मागे ढकलायची आणि कातळाची भिंत वेगळी वस्तू म्हणून उभी करायची. मी घाटातल्या फोटोंवरून सहा-सात भिंती बनवल्या, लांबी आणि उंची बदलून त्याच फिरवून वापरल्या. दोन भिंतींचा सांधा करवंदाच्या जाळीनं झाकला.

मोठ्या कड्यांनाही हेच लागू आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा प्रदेश झाला. कठीण थर कडा होऊन उभे राहतात, मऊ थर झिजून माती धरतात आणि त्यावर रान माजतं. म्हणून सह्याद्रीचा डोंगर पायऱ्यांचा असतो: कडा, झाडीचा पट्टा, पुन्हा कडा. या खडकाला ट्रॅप म्हणतात, तो शब्दही स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरूनच आला आहे. ३० मीटरचा उंचीचा नकाशा या पायऱ्या घासून गुळगुळीत करतो आणि नागफणीची उशी होते. तेव्हा गाडीतून दिसणाऱ्या बाजूंना बिंदू हातानं उचलून पायऱ्या परत आणाव्या लागतात. न दिसणाऱ्या बाजूंवर एक तासही घालवू नका. उल्हासच्या दरीपलीकडचा राजमाचीसारखा दूरचा मुलूख भरड थरात ठेवला तरी चालतो, तो धुक्यातच बरा दिसतो.

बोगद्यांत तांत्रिक अडचण अशी की जमीन ही एकच चादर आहे, तिला पोट नाही. रूळ जिथे डोंगरात शिरतो तिथले बिंदू अदृश्य करून भोक पाडायचं, आत बोगद्याची नळी ठेवायची आणि भोकाच्या फाटक्या कडा दगडी तोंडानं झाकायच्या. १८६३ मध्ये घाटात २५ बोगदे आणि ८ मोठे कमानी पूल होते. पुढे मार्ग बदलले, रूळमार्ग वाढून तीन झाले, आणि काही जागी तिन्ही रूळ वेगवेगळ्या बोगद्यांतून जातात. प्रत्येक तोंड वेगळं काढा. काही ठिकाणी घडीव दगडाची कमान आहे, काही ठिकाणी नुसता कातळ, पाण्याच्या ओघळांनी काळा झालेला.

झाडं लावताना ऋतूचं गणित मांडावं लागतं. मूळ सिम्युलेटर युरोप-अमेरिकेच्या चार ऋतूंसाठी आहे: प्रत्येक ऋतूच्या चित्रांना वेगळा कप्पा, बर्फालाही. आपण ते कप्पे आपल्या अर्थानं वापरायचे. शरदाच्या कप्प्यात मी पावसाळा ठेवला, वसंताच्या कप्प्यात पानगळलेलं रान आणि पेटलेला पळस-पांगारा. धबधबे वर्षभर जागेवरच असतात, फक्त पावसाळा सोडून बाकी कप्प्यांत त्यांचं चित्र पूर्ण पारदर्शक ठेवलेलं आहे. मे महिन्यात तिथे कोरडा काळा कातळ दिसतो. सगळं वर्ष मध्यम हिरवं ठेवलं की कोणत्याच महिन्यातला घाट होत नाही.

सिग्नल उभे करण्याचं काम इतर कुठल्याही रूटसारखंच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. कॅच सायडिंग मात्र फक्त घाटाची आहे. १:३७ च्या उतारावर ब्रेक नसलेली गाडी थांबलेल्या अवस्थेतून सुटली तर एका किलोमीटरमध्येच तिचा वेग ताशी ७५ किलोमीटरच्या पुढे जातो. म्हणून मंकी हिल आणि ठाकूरवाडीला उतरणाऱ्या रुळावरचा सांधा मुळात आडबाजूच्या, डोंगरावर चढत जाणाऱ्या सायडिंगकडे लावलेला असतो. गाडी तिथे पूर्ण थांबली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध झालं, की मगच सांधा मुख्य मार्गाला मिळतो. थांबली नाही तर ती सायडिंगमध्ये शिरते आणि चढावर, वाळूत रुतून वेग गमावते. ही सायडिंग किती चढती हवी? ताशी ६० किलोमीटरनं आलेली गाडी निव्वळ वेगाच्या जोरावर सुमारे १४ मीटर उंची चढू शकते. सायडिंग सपाट टाकून शेवटी लाल पाटी लावणारे रूट मी पाहिले आहेत. त्यावर सुटलेली गाडी पाटी तोडून दरीत जाते.

मग चाचणी. आधी बँकर न जोडता कर्जतहून निघा, हवामान पावसाचं ठेवा. ओल्या रुळावर चाकाची पकड कमी होते आणि ओपन रेल्स ते धरतं. पळसदरीपर्यंत गाडी बरी जाईल. पुढे तिचा वेग उतरत उतरत कुठल्यातरी वळणावर ती थांबली पाहिजे, आणि पुन्हा हलता कामा नये. थांबली नाही तर वही काढा, त्या तुकड्याचा चढ आणि त्रिज्या पुन्हा तपासा. एक मात्र ध्यानात असू द्या: २०२३ मध्ये सुरू झालेली सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते, कारण तिच्या अनेक डब्यांखाली मोटरी आहेत. तिच्यावर चाचणी घेऊन रूटचं खरंखोटं कळत नाही. नंतर मागे बँकर जोडा, त्यांचा कंट्रोल वेगळा ठेवा, आणि मागून जास्त ढकललं तर मधल्या डब्यांवर काय होतं तेही पाहा.

शेवटची चाचणी उताराची. भरलेली अप मालगाडी खंडाळ्याहून खाली सोडायची आणि मंकी हिलला पूर्ण थांबवायची. सांधा सायडिंगकडून मुख्य मार्गाला वळतो, सिग्नल पडतो. एंजिनाला जराही पॉवर न देता नुसते ब्रेक सैल केले आणि पन्नास वाघिणी आपल्याच वजनानं नागनाथच्या दिशेनं सरकायला लागल्या, की मी फाइल सेव्ह करतो आणि नागफणीचा सुळका घ्यायला बसतो.